ड्रेसाज: घोडा आठवड्यातून दोनदाच मिळतो, मग बाकीचे दिवस काय करायचं?

गवतीचहा

घोडा म्हटला की आपल्याकडे एक तर वरातीतला, नाहीतर रिंगणातला. त्यामुळे मी ड्रेसाज शिकते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे घोडं नाचवायचं का?" २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी सांघिक ड्रेसाजचं सुवर्ण आणलं. १९८२ नंतर अश्वारोहणातलं आपलं पहिलं सुवर्ण. तेव्हा आठवडाभर ऑफिसातले लोक आपणहून विचारत होते. मग पुन्हा सगळं थंड.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी: २० बाय ६० मीटरचं (खालच्या पातळीवर २० बाय ४०) आखलेलं मैदान, कडेने इंग्रजी अक्षरं. कुठल्या अक्षरापाशी चाल बदलायची, कुठे वर्तुळ काढायचं, कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. जिभेने चुचकारलं तरी गुण जातात. म्हणजे घोड्याला जे सांगायचं ते बूड, पाय आणि लगाम यांतूनच, आणि तेसुद्धा बघणाऱ्याला वरचा माणूस नुसता बसलाय असं वाटेल इतपत.

आता धाग्याचं कारण. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका शेतावर आम्ही काही जण शिकतो. घोडे तीन: एक मारवाडी घोडी, एक काठियावाडी आणि रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक थरोब्रेड. सर पुण्याहून शनिवार-रविवार येतात. उन्हाळ्यात सातच्या पुढे घोडा बाहेर काढायची सोय नाही, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास येतो. एवढ्या वेळात घोड्यावर बसूनच शरीर घडवायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही.

आणि सर जे ओरडतात त्यातलं निम्मंअधिक घोड्याबद्दल नसतंच. "खांदे सोड." "गुडघ्याने आवळू नको." "खाली काय बघतेस, घोड्याची मान कुठे पळून जात नाही." माणसाचं डोकं पाचेक किलोचं असतं. ते पुढे झुकलं की पाठ गोल होते, बूड मागे सरकतं, पाय पुढे जातात आणि घोडा पुढच्या पायांवर जड होतो. मग आपण म्हणायचं घोडा हाताला जड आहे!

बाजूने बघितलं तर कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत हवेत, आणि कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत दुसरी सरळ रेषा. खालून घोडा काढून घेतला तर माणूस पायांवर उभा राहिला पाहिजे, बुडावर आपटता कामा नये. हे काही आजचं नाही. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने हेच लिहून ठेवलंय, की खुर्चीत बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसा. आपण सगळे दिवसभर खुर्चीत, मग घोड्यावर गेलो की खुर्चीच शोधतो.

मी घरी सध्या सूर्यनमस्कार घालते (त्यातलं अश्वसंचालनासन मुद्दाम रेंगाळून, मांडीचा पुढचा भाग चांगला ताणला जातो), प्लँक आणि साइड प्लँक थोडा थोडा वेळ, आणि दात घासताना एका पायावर उभी राहते. सासूबाईंनी आता विचारायचं सोडलंय. ऑफिसात जिमचा मोठा चेंडू आणून ठेवलाय. सूतवाले फोनवर भाव सांगत असतात, मी त्यावर बसून ओटीपोट पुढेमागे करत असते.

तर प्रश्न असा: घोड्यावर नसताना केलेल्या या गोष्टींचा खरोखर किती उपयोग होतो? मला वाटतं पुष्कळ होतो. पण ज्यांनी आयुष्य घोड्यांत काढलंय त्यांनी आणि शरीर जाणणाऱ्यांनी लिहावं. सोलापूरकरांनी तर जरूर.

शेंगाचटणी

मी पयला!
वरातीत नवरदेव बसतो ती कुठली पोझिशन म्हणायची हो ताई? एका हातात नारळ-कट्यार, दुसऱ्या हाताने खोगीर गच्च धरलेलं.

गवतीचहा

@शेंगाचटणी, तिला 'गुडघ्याने आवळलेली' म्हणतात. आमच्यातले निम्मे तशीच सुरुवात करतात, फक्त नारळ नसतो. :)

निवृत्त_दफेदार

धागा चांगला आहे, पण मला पटत नाही ते आधी सांगतो. चेंडूवर बसून मांड येत नाही. मांड घोड्यावरच येते.

आम्ही रिक्रूट असताना कित्येक आठवडे रिकीब (पाय ठेवायची कडी) नव्हतीच. खोगिरावर पाय मोकळे सोडून दुडकी चालवायची, मांड्या सोलून निघायच्या, संध्याकाळी तुरटीचं पाणी लावायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. हात कमरेवर, मग आडवे पसरून, मग डोक्यावर. लगाम उस्तादाच्या हातात, आपल्या हातात काही नाही. हे अशासाठी की माणूस तोल गेला की सगळ्यात आधी लगाम धरतो, आणि लगाम म्हणजे घोड्याचं तोंड. तोल सावरायला हात लागत नाही असं झालं की मगच हातात लगाम द्यायचा. हा क्रम उलटा केला की घोडे तोंडाने दगड होतात.

तुमच्या सरांना सांगा, शनिवारचा निम्मा वेळ लाँजवर द्या. थरोब्रेड शांत असेल तर उत्तम. त्याला लांब दोरावर २० मीटरच्या वर्तुळात फिरवायचं, वरच्याने फक्त बसायचं. पंधरा मिनिटं पुरे, जास्त नको, घोड्याच्या पाठीचाही विचार करायचा असतो.

अवांतर: ड्रेसाज हा मुळात फौजी अधिकाऱ्यांचा खेळ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं. का? तर त्यांच्यातला एक स्वार, येनाल पेर्सन, मूळचा सार्जंट निघाला. स्पर्धेपुरता त्याला अधिकारी केलं होतं आणि नंतर परत खाली आणलं. १९५२ पासून हा नियम गेला, स्त्रियांनाही परवानगी मिळाली, आणि हाच पेर्सन सुवर्णपदक विजेत्या संघात पुन्हा होता. दफेदार (म्हणजे घोडदळातला सार्जंटच) लोकांना ही गोष्ट फार आवडते.

हाडांचीताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुरारजी पेठेत प्रॅक्टिस करते. घोड्यावर कधी बसलेली नाही हे आधीच सांगते. पण गवतीचहांच्या तळावरचेच दोघं माझ्याकडे कंबर घेऊन आले, त्यामुळे या विषयात शिरावं लागलं.

दफेदारकाका, तुमचं म्हणणं अठरा वर्षांच्या रिक्रूटच्या शरीराला लागू आहे. चाळिशीतला माणूस दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढतो. त्याचे खुब्यापुढचे स्नायू आखडलेले असतात आणि नितंबाचे झोपलेले. त्याला थेट रिकिबीशिवाय दुडकीवर बसवलं तर तो मांड्यांनी आवळणार, नाहीतर कंबर पोकळ करून ठोके मणक्यात घेणार. दुसरं काही त्याच्याकडे शिल्लकच नाही. मांड शिकण्याऐवजी तो आवळणं शिकतो.

आपल्या लोकांबद्दल दोन निरीक्षणं, परदेशी व्हिडिओंत ही सापडणार नाहीत. पहिलं, ज्यांना उकिडवं बसायची सवय आहे त्यांचा घोटा छान वाकतो. अशांना टाच खाली ठेवायला वेगळा ताण लागत नाही. ज्यांच्या घरी कमोड येऊन वीस वर्षं झाली त्यांचा घोटा अडकतो आणि ते पाय पुढे ढकलून टाच खाली नेतात. दुसरं, मांडी घालून जेवणाऱ्यांचे खुबे सैल असतात, पण बाहेरच्या दिशेने. गुडघा बाहेर, पाऊल बाहेर. घोड्यावर मांडी खुब्यातून किंचित आत वळवून सपाट टेकवायची असते. म्हणून आपली माणसं लवचीक असूनही पोटरीच्या मागच्या बाजूने घोड्याला धरतात. याच्यावर व्यायाम आहे: पाठीवर झोपून गुडघे दुमडा, पावलं कंबरेपेक्षा जास्त अंतरावर ठेवा आणि एकेक गुडघा आतल्या बाजूला जमिनीकडे सोडा. जोर लावायचा नाही.

आणि "ताठ बस" हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं वाक्य इथे घात करतं. ताठ म्हटलं की माणूस छाती काढतो आणि कंबर पोकळ करतो. सरळ आणि ताठ यांत फरक आहे. बुडाची दोन हाडं खोगिरावर खाली रोखलेली हवीत, पुढेही नाही आणि मागेही नाही.

ताकद किती लागते म्हणाल तर, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठी) पेलणाऱ्यांकडे बघा. दंडाच्या जोरावर तो पेलतच नाही. काम सगळं कमरेत आणि पायांत चालतं, खांदे मोकळे असतात, आणि त्यासाठी ते यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करतात. घोड्यावर हेच हवं, धड स्थिर आणि सांधे मोकळे. प्लँक दोन मिनिटं धरता येतो म्हणून कोणी चांगला स्वार होत नाही. श्वास न रोखता वीस सेकंद धरता आला तर तो जास्त कामाचा.

माळशिरसकर

नमस्कार. आमच्या घरी आजोबांपासून घोडी आहेत. अकलूजच्या घोडेबाजारात दरवर्षी असतो, सारंगखेड्याला पण जातो. मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

तुम्ही जे सिटिंग ट्रॉटचं (दुडकीवर न उठता बसून राहायचं) रडगाणं लावलंय ते आमच्याकडं नाहीच. मारवाडी घोडी रेवाल चालीला लागली की पाण्याचा पेला हातात धरून जावा, सांडायचा नाही. वरचा माणूस हलतच नाही. मग मुद्दाम उसळणाऱ्या दुडकीवर बसायचं, कंबर मोडून घ्यायची आणि मग फिजिओकडं जायचं, हे काय करलालाव तुम्ही लोकं? :)

आणि बसायचं म्हणाल तर आमचे वस्ताद पाय पुढं, रिकीब लांब, पाठ मागं रेलून बसायचे. साठ वर्षं बसले. पालखीच्या रिंगणात स्वाराचा अश्व धावतो तेव्हा स्वार एका हातात पताका घेऊन पळवतो. खुडूसला या, वाखरीला या आणि बघा. त्याची कोण कान-खांदा-टाच रेषा मोजतंय?

गवतीचहा

@माळशिरसकर, राग कसला, हीच चर्चा हवी होती.

रेवाल सुखाची चाल आहे, वादच नाही. पण ड्रेसाजमध्ये प्रत्येक चालीचा ठेका ठरलेला आहे: साधं चालणं चार ठोक्यांचं, दुडकी दोन ठोक्यांची आणि तिरके पाय जोडीने पडणारी, कँटर (दुडकीच्या पुढची धाव) तीन ठोक्यांचा. रेवालमध्ये एका बाजूचे पाय बरोबरीने जातात, त्यामुळे दुडकीच्या जागी रेवाल दाखवली तर ठेक्याचे गुण गेलेच. आमची मारवाडी घोडी लहानपणी रेवालला लावलेली नव्हती, म्हणून तिला स्वच्छ दुडकी आहे. रेवालला पक्की झालेली घोडी या कामाला आणू नये, तिचे हाल आणि आपलेही.

रिंगणातल्या स्वाराला माझा दंडवत. त्याला सरळ धाव घ्यायची असते, गर्दीतून, एका हाताने. आम्हाला त्याच घोड्याला १० मीटरच्या वर्तुळात मागच्या पायांवर वजन घेऊन वळवायचं असतं. पाय पुढे आणि पाठ मागे असेल तर आपलं वजन घोड्याच्या कमरेवर, खोगिराच्या मागच्या काठावर पडतं. तिथे तो पाठ पोकळ करतो, मान वर उचलतो. मग लोक मान खाली आणायला काटेरी लगाम घालतात. तुमच्या बाजारात ते लगाम टांगलेले असतात, मला बघवत नाहीत.

माळशिरसकर

काटेरी लगामाचं एकदम मान्य. आमच्या दावणीला तसला लगाम नाही. बाकी रेवालवर मी ठाम. आणि एक राहिलं, सगळे टाच खाली, टाच खाली म्हणून का ओरडतात ते मला कळंना. वस्तादांची टाच कधी खाली नव्हती.

निवृत्त_दफेदार

टाच खाली नसेल तर पाऊल रिकिबीत आत घुसतं. पडलात तर घोडा फरफटत नेतो. मी डोळ्याने बघितलंय. यात चर्चा नाही.

हाडांचीताई

काका, सुरक्षेचं बरोबर. पण "खाली" म्हणजे किती? जोर लावून टाच दाबली की घोटा कुलूप लागल्यासारखा होतो, गुडघा सरळ होतो, आणि दुडकीचा ठोका घोट्यात जिरायचा तो कमरेपर्यंत येतो. पाऊल आडवं किंवा टाच जराशी खाली, आणि घोटा मऊ, एवढं पुरे. माझ्याकडे आलेल्या दोघांपैकी एकाचं दुखणं यातूनच होतं. टाच 'दाबायची' नाही, मांडीपासून पाय लांब 'सोडायचा', मग ती आपोआप जाते.

निवृत्त_दफेदार

सोडायचा, हे मान्य. आम्हालाही उस्ताद पाय सोड असंच म्हणायचे, फक्त आवाज मोठा असायचा.

रिकिबीची लांबी तपासायची सोपी पद्धत: घोड्यावर बसून दोन्ही पाय रिकिबीतून काढा, सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला तर ठीक. नवीन मंडळी व्हिडिओ बघून फार लांब रिकीब ठेवतात. मग बोटांनी ती शोधत बसतात आणि टाच वर जाते. लांब रिकीब ही सैल खुब्याची कमाई आहे, आधी आखूड ठेवा.

मिठ्ठूमिया

वजन ८४ किलो, उंची पाच-नऊ. मी हे शिकावं का? प्रामाणिक सांगा, मन नाही दुखायचं.

गवतीचहा

@मिठ्ठूमिया, जगभर साधारण ढोबळ नियम असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावेत. ४०० किलोच्या मारवाडीला म्हणजे जास्तीत जास्त ८०, खोगिरासह. त्यामुळे आमच्या घोडीवर तुम्हाला बसवता येणार नाही. थरोब्रेड ५०० च्या आसपास आहे, त्याच्यावर चालेल, पण सुरुवातीला वेळ कमी. आणि खरं सांगायचं तर ६० किलोचा आपटणारा माणूस घोड्याला ८४ च्या शांत माणसापेक्षा जास्त त्रास देतो.

झणझणीत

सगळं वाचलं. शेवटी हे श्रीमंतांचे चोचलेच. एशियाडवाले युरोपात राहून तयार झाले, घोडे तिकडचे, ट्रेनर तिकडचे. सोलापुरात टॉवेल कारखाने बंद पडलालेत आणि इथं मांडी आत वळवायची का बाहेर यावर चर्चा.

गवतीचहा

@झणझणीत, वरच्या पातळीबद्दल तुमचं खरं आहे. अनुष अगरवाला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला तोही जर्मनीत वर्षानुवर्षं काढून. ते आपल्या आवाक्यातलं नाही आणि मी तसं म्हणतही नाहीये. टॉवेलच्या धंद्यातच मी नोकरी करते, त्यामुळे तिकडची परिस्थिती वेगळी सांगायला नको. पण ग्राउंड भाड्याने घेऊन शनिवारी क्रिकेट खेळणाऱ्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही, आमचा महिन्याचा खर्च त्याच्या दीडपटही नसेल.

राइनकाठचा

मी मूळचा सोलापूरच्या बाळीवेशीतला, सध्या जर्मनीत. मुलगी इथल्या रायडिंग क्लबात जाते म्हणून दर आठवड्याला कुंपणाला टेकून बघत असतो. त्या अधिकारावर लिहितो.

दफेदारकाकांना आनंद होईल, इथेही नवीन मुलाला आधी लाँजवरच बसवतात. हातात लगाम नाही. फरक इतकाच की खाली असतो तो पंधरा-सोळा वर्षांचा, सगळं माहीत असलेला घोडा. स्वार आणि घोडा दोघंही नवखे, हे इथे कोणी करत नाही. तुमच्या तळावर तसा घोडा कोणता हे ठरवा आणि नवख्यांना त्याच्यावरच बसवा, मग त्याची चाल दिसायला साधी का असेना.

इथे घोड्याच्या शिक्षणाची एक उतरंड आहे: आधी ठेका, मग सैलपणा, मग लगामाशी संपर्क, मग जोर, मग सरळपणा, आणि सगळ्यात शेवटी वजन मागे घेऊन गोळा होणं. मुलीच्या शिक्षिका हीच उतरंड स्वारालाही लावतात. ज्याला घोड्याच्या ठेक्याबरोबर राहता येत नाही त्याने संपर्काची गोष्टच काढायची नाही. मुलीला पहिले कित्येक महिने मोठ्याने ठोके म्हणायला लावलं, आणि डोळे मिटून कुठला पाय कधी पडतोय ते सांगायला. राइझिंग ट्रॉटमध्ये (दुडकीच्या ठोक्याबरोबर उठबस करताना) घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, हे ती आता न बघता सांगते.

हातांबद्दल एक. चालताना आणि कँटरमध्ये घोड्याची मान पुढेमागे होते, दुडकीत जवळजवळ स्थिर असते. म्हणजे चालताना हात त्याच्याबरोबर गेले पाहिजेत आणि दुडकीत हात स्थिर ठेवायला कोपर उघडझाप झालं पाहिजे. मी कुंपणापाशी बघतो तेव्हा बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: चालताना हात गोठलेले आणि दुडकीत खालीवर.

मधलीआळी

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. वय ५१. मुलं मार्गी लागली. लहानपणापासून घोड्यावर बसायचं मनात आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झालंय, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, माकडहाड एकदा आपटलेलं आहे. हसू नका.

हाडांचीताई

कोण हसेल! आधी हाडांची घनता तपासून घ्या, तुमच्या वयात पडण्याचा धोका आणि फ्रॅक्चरचा धोका वेगवेगळा मोजायचा असतो. माकडहाडाचं म्हणाल तर, बरोबर बसलं तर वजन त्याच्यावर येतच नाही, बुडाच्या दोन हाडांवर येतं. कडक खुर्चीवर तळहात बुडाखाली घेऊन बसा, दोन टोकं लागतील, तीच. पुढेमागे झुलून बघा. मागे गेलात की माकडहाड टेकतं, म्हणजे मागे रेललात. हे खुर्चीवर कळलं की घोड्यावरही कळतं. एकदा क्लिनिकला येऊन जा, मग बघू.

निवृत्त_दफेदार

ताई, जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी झालेले, घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. १९५२ ला पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य घेतलं, १९५६ ला परत रौप्य. पोटरीने इशारा देताच येत नव्हता, म्हणजे सगळं बुडाने आणि पाठीने. आमच्या रेजिमेंटमध्ये पायाने फार बडवणाऱ्याला उस्ताद ही गोष्ट सांगायचे.

गवतीचहा

@मधलीआळी, नक्की या.

@राइनकाठचा, ठोके मोठ्याने म्हणायची कल्पना लगेच उचलली. या रविवारी सगळ्यांना लावलं. आणखी एक उघड झालं ते सांगते, कारण ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. २० बाय ४० चं मैदान आम्ही फक्कीने आखून घेतलं आणि अक्षरांच्या जागी रंगाचे रिकामे डबे ठेवले. ए च्या (आखूड बाजूच्या मध्यावरच्या अक्षराच्या) टोकाला २० मीटरचं वर्तुळ काढायचं म्हणजे ते ए ला, मैदानाच्या मध्याला आणि दोन्ही लांब बाजूंना कोपऱ्यापासून १० मीटरवर, अशा चारच ठिकाणी टेकलं पाहिजे. के आणि एफ ची अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर, म्हणजे वर्तुळ त्यांच्या पुढे ४ मीटरवर टेकतं. चारही ठिकाणी फक्कीची रेघ मारली आणि खुरांचे ठसे बघितले. कोणाचंच वर्तुळ नव्हतं! डावीकडे फिरताना घोडा बाहेर फुगत होता, उजवीकडे आत पडत होता, आणि तीनही घोड्यांवर तेच. घोडे तीन, चूक एक, म्हणजे गडबड वर बसलेल्यांची.

सरांनी मग मागून बघायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येक जण उजव्या बाजूला कमरेत मोडत होता: उजवा खांदा खाली, आणि त्यामुळे बूड डावीकडे सरकलेलं. सगळे उजवे, सगळे उजव्या खांद्याला बॅग अडकवणारे. मान वळवून आत बघतो तेव्हा आपण खांद्यासकट वळतो का नुसत्या मानेने, तेही दिसलं. त्यानंतर साइड प्लँक दोन्ही बाजूंना सारखा करायचा नाही, कमजोर बाजूला जास्त, असं ठरलंय. हाडांचीताई, बरोबर ना?

हाडांचीताई

बरोबर. आधी आणि शेवटी कमजोर बाजू, मधे चांगली. आणि बॅग डाव्या खांद्याला अडकवा, हा व्यायाम फुकट आहे.

माळशिरसकर

हे खुरांच्या ठशाचं लई आवडलं. परवा आमच्या शेतात नांगरलेल्या रानाशेजारी फक्की मारून बघतो. रेवालवर पण वर्तुळ गोल येतंय का बघू की. ठशांचे फोटो टाकतो.

निवृत्त_दफेदार

टाका. आणि दोन्ही हातांवर करा, उजव्या आणि डाव्या, म्हणजे दोन्ही दिशांनी फिरून. एकाच बाजूचे फोटो टाकले तर मी मोजणार नाही.

मिठ्ठूमिया

रविवारी बघायला आलो तर चालेल का? बसणार नाही, नुसतं बघतो. आणि बसायची वेळ आलीच तर काय घालून यायचं?

गवतीचहा

@मिठ्ठूमिया, सकाळी सव्वासहापर्यंत या, सातनंतर ऊन चढतं आणि घोडे आत जातात. अंगाला घट्ट बसणारी पँट, आतल्या बाजूला जाड शिवण नको, जीन्स नकोच. बुटाला थोडी टाच हवी आणि तळ सपाट, स्पोर्ट्स शूज घातले तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं. हेल्मेट घोड्यावरचंच लागतं, मोटरसायकलचं चालत नाही, ते जड असतं आणि मान पुढे ओढतं. आमच्याकडे जादा आहेत. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून मला आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.